६.५ क्रीडमूरचा ‘योग्य भार’ दर वेळी बदलतो, तो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका नेमबाजाकडे ६.५ क्रीडमूर या काडतुसाची, २४ इंची बॅरलची (नळीची) बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे. घरी भरलेल्या काडतुसांनी १०० यार्डांवर तीन गोळ्यांचे ग्रुप (लक्ष्यावरील छिद्रांचे पुंजके) अर्ध्या इंचाच्या आसपास येतात आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पाच गोळ्यांच्या वेगाचे प्रमाण विचलन, म्हणजे चढउताराचे माप, ९ फूट प्रतिसेकंद दिसते. तरीही १००० यार्डांवर दहा गोळ्या उभ्या दिशेने सुमारे १४ इंचांत पसरतात. पावडरचा भार ०.२ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) पायऱ्यांनी बदलून त्यांनी अनेकदा चाचणी घेतली, पण दर वेळी निराळाच भार सर्वोत्तम ठरला. नेमका भार कसा ओळखावा, असे ते विचारतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की त्यांच्या रायफलमध्ये एखादा दडलेला भार सापडायचा राहिलेला नाही. चाचणीची पद्धत इतक्या थोड्या गोळ्यांवर उभी आहे की योगायोग आणि गुण यांतला फरक तिला दाखवता येत नाही. म्हणून आधी आकडे नीट समजून घेऊ आणि मग कामाकडे वळू.

आधी एक खुलासा. हे उत्तर अमेरिकेतील कायद्याच्या चौकटीत लिहिले आहे. तेथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी भरायची असल्यास मात्र लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा महाराष्ट्रातील वाचकांनी यातील कृती करण्यासाठी वाचू नये.

पाच गोळ्यांच्या वेगावरून प्रमाण विचलन ९ आले, तर खरे विचलन किती असू शकते? संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के विश्वासमर्यादेने हिशेब केला तर उत्तर ‘साधारण साडेपाच ते सव्वीस यांच्या दरम्यान’ असे येते. म्हणजे ते काडतूस उत्कृष्टही असू शकते आणि सामान्यही. दहा गोळ्या मोजल्या तर तोच ९ चा आकडा सुमारे ६ ते साडेसोळा इतकी मर्यादा देतो, आणि वीस मोजल्या तर सुमारे ७ ते १३. तीन गोळ्यांचे विचलन काढून त्यावर निर्णय घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तेथे खरे विचलन मोजलेल्याच्या सहापटही असू शकते. ग्रुपचेही असेच आहे. रायफल आणि काडतूस अगदी तेच असले, तरी दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या दीडपटीहून थोडा मोठा येतो, कारण गोळ्या जितक्या जास्त तितकी दूर जाणारी एखादी गोळी सापडण्याची शक्यता जास्त. ज्या रायफलचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी अर्धा इंच येतात, तिचे दहा गोळ्यांचे ग्रुप पाऊण इंचाहून थोडे मोठेच येणार. तो ग्रुपचा खरा आकार आहे, त्यात बिघाड काही नाही.

आता १००० यार्डांचा हिशेब पाहू. १४० ग्रेनची गोळी सुमारे २७०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघत असेल, तर सुरुवातीच्या वेगात १० फूट प्रतिसेकंदाचा फरक पडल्यास तिकडे उंचीत अडीच ते तीन इंचांचा फरक पडतो. मी २.७ इंच धरतो. रायफलचा स्वतःचा उभा विस्कळीतपणा १०० यार्डांवर ०.२ मिनिट (कोनाचे एकक; १०० यार्डांवर सुमारे एक इंच) प्रमाण विचलनाचा मानला, तर १००० यार्डांवर तो २.१ इंच होतो. ही दोन कारणे एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे त्यांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. असे केले, की वेगाचे विचलन १५ असताना दहा गोळ्यांचा उभा पसारा सरासरी १४ इंच, १० असताना सुमारे साडेदहा इंच, ६ असताना सुमारे ८ इंच आणि ३ असताना सुमारे ७ इंच येतो. प्रश्नकर्त्यांचे लक्ष्यपत्र १४ इंच दाखवते आहे. नेमधरणीतील चूक आणि गोळ्यागोळ्यांमधील हवेच्या रोधाचा फरक यांचाही त्यात वाटा असणारच. तरीही त्यांचे खरे विचलन ९ नसून १५ च्या जवळ असावे असे मला वाटते, आणि पाच गोळ्यांवरच्या ९ च्या आकड्याशी याचा काहीच विरोध नाही.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. १५ वरून १० वर येण्यात साडेतीन इंचांचा लाभ आहे, तर ६ वरून ३ वर येण्यात जेमतेम सव्वा इंचाचा. त्याच अंतरावर ताशी १ मैल आडव्या वाऱ्याचा अंदाज चुकला, तर गोळी सुमारे ७ इंच बाजूला जाते. म्हणून विचलन ८-१० च्या खाली स्थिरावले, की उरलेला वेळ वारा वाचण्यात घालवावा असे मी आग्रहाने सांगेन.

भाराच्या पायऱ्यांमध्ये वेगाचा ‘सपाट भाग’ शोधण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे. प्रत्येक पायरीला एक-दोन गोळ्या झाडायच्या, वेगाचा आलेख काढायचा आणि जेथे तो आडवा दिसेल तेथे ‘नोड’, म्हणजे स्थिर भार, आहे असे मानायचे. वास्तविक सुरक्षित मर्यादेच्या आत पावडर आणि वेग यांचे नाते जवळजवळ सरळ रेषेचे असते; या काडतुसात ०.१ ग्रेन पावडर वाढली की वेग साधारण ५ ते ६ फूट प्रतिसेकंद वाढतो. म्हणजे ०.२ ग्रेनच्या पायरीत अपेक्षित वाढ १०-१२ फुटांची आणि गोळीगोळीतला नैसर्गिक फरकही तेवढाच किंवा त्याहून जास्त. अशा स्थितीत एका गोळीच्या आलेखावर सपाट भाग दिसणारच, आणि दुसऱ्या दिवशी तो दुसरीकडे दिसणार. प्रश्नकर्त्यांना नेमका हाच अनुभव आला आहे. क्रेटन ऑडेट या नेमबाजाच्या नावाने ओळखली जाणारी शिडीची चाचणी दूरच्या लक्ष्यावर गोळ्यांची उंची पाहते, त्यामुळे ती निदान खऱ्या परिणामाकडे बघते. पण प्रत्येक पायरीला एकच गोळी असेल तर तीही याच अडचणीत सापडते.

मग भार कशावरून ठरवायचा? दाबाची मर्यादा आणि गोळीचा हवा असलेला वेग यांवरून. अमेरिकेतील सामी या मानक संस्थेने ६.५ क्रीडमूरसाठी कमाल सरासरी दाब ६२,००० पाउंड प्रति चौरस इंच ठरवला आहे. तो घरी मोजता येत नाही. पावडर आणि गोळी यांच्या उत्पादकांनी छापलेली माहिती हाच आपला आधार, आणि म्हणून मी येथे ग्रेनचा एकही आकडा देत नाही. तुमची गोळी, पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) आणि प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) यांच्याशी जुळणारी चालू आवृत्तीतील नोंद उघडावी, त्यातल्या आरंभीच्या भारापासून सुरुवात करावी, ०.३ ग्रेनच्या पायऱ्यांनी एकेक गोळी झाडत वर जावे आणि या फेरीत ग्रुपकडे पाहूच नये. येथे फक्त वेग आणि दाबाची चिन्हे पाहायची असतात. बोल्ट उचलताना जड लागणे, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटणे, प्रायमरच्या कडा सपाट होऊन खळगा भरून जाणे ही चिन्हे दिसेपर्यंत दाब बहुधा मर्यादा ओलांडून गेलेला असतो. म्हणून वेगाला मी जास्त महत्त्व देतो. पुस्तकात दिलेल्या लांबीच्या बॅरलमधून कमाल भाराला जो वेग नोंदवला आहे, तो तुम्हाला कमी भारातच मिळाला तर दाबही बहुधा तेवढाच झालेला असतो, आणि तेथेच थांबावे. पुस्तकातील चाचणीची बॅरल तुमच्याहून लांब किंवा आखूड असेल, तर इंचामागे साधारण २० फुटांचा फरक धरावा.

यानंतर कमालपेक्षा अर्धा ते एक ग्रेन खाली, टेक्सासच्या उन्हाळ्यातही सुरक्षित राहील असा भार ठरवून टाकावा आणि तो बदलू नये. एच ४३५० ही पावडर या काडतुसासाठी इतकी वापरली जाते त्याचे कारण तापमानाचा तिच्यावर तुलनेने कमी परिणाम होतो. ती ऑस्ट्रेलियात तयार होते आणि अमेरिकेत हॉजडन विकते. तरीही ‘कमी परिणाम’ म्हणजे ‘शून्य परिणाम’ नव्हे. तापलेल्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या पोकळीत) काडतूस मिनिटभर ठेवून मग झाडले, तर वेग वाढतो आणि गोळी वर जाते. विचलनाच्या चाचणीत हा दोष पावडरच्या माथी मारला जातो.

खरा बदल घडतो तो पुंगळीवर, आणि माझ्या मते ८० टक्के मेहनत तेथेच खर्च व्हावी. एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या, आपल्याच रायफलमधून एकदा झाडलेल्या पुंगळ्या घ्याव्यात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिश्र पुंगळ्यांमध्ये आतील घनफळ वेगवेगळे असते. तोच भार एकीत मोकळा बसतो आणि दुसरीत दाटतो, म्हणून दाबही वेगळा येतो. दर वेळी पुंगळी साच्यातून दाबून तिला पूर्ण आकार द्यावा, केवळ मान (गोळी धरणारा अरुंद भाग) दाबून सोडू नये. खांदा (मानेखालचा उतार) मात्र झाडलेल्या पुंगळीच्या मापापेक्षा ०.००१ ते ०.००२ इंचच मागे जावा, आणि तो अंदाजाने न ठरवता कंपॅरेटर या मापनसाधनाने मोजावा. खांदा जास्त मागे ढकलला की प्रत्येक वेळी पुंगळीचे अंग ताणले जाते आणि बुडाच्या जरा वर आतून ती पातळ होत जाते. सरळ केलेल्या पेपर क्लिपचे टोक वाकवून आतून फिरवले आणि ते एका खाचेत अडखळले, तर ती पुंगळी तत्काळ टाकून द्यावी. बाहेरून चकाकणारी वर्तुळाकार रेषा हेही तेच लक्षण आहे. लांबी १.९२० इंचांच्या वर जाऊ देऊ नये, छाटताना १.९१० करावी, कारण लांबलेल्या मानेचे तोंड चेंबरच्या टोकाला चिमटले गेले की गोळी सुटायला अडथळा येतो आणि दाब एकदम वाढतो.

मानेची पकड हा वेगाच्या चढउताराचा सर्वांत दुर्लक्षित स्रोत आहे. मान किती घट्ट आहे यापेक्षा सगळ्या माना सारख्या आहेत का, हे महत्त्वाचे. पूर्ण आकार दिल्यानंतर योग्य मापाच्या मँड्रेलने (गुळगुळीत दांड्याने) मान आतून उघडावी, म्हणजे जाडीतील फरक आतल्या बाजूला न राहता बाहेर ढकलला जातो आणि गोळीला ०.००२ इंचांच्या आसपास एकसारखी पकड मिळते. झाडून आणि आकार देऊन पितळ कडक होत जाते. कडक मान दाबली तरी थोडी परत उघडते, आणि पकड दर फेरीला बदलते. त्यामुळे ठरावीक अंतराने, शक्य असल्यास प्रत्येक वेळी, मान आणि खांदा तापवून पितळ पुन्हा मऊ करावे. या कामात उष्णता बुडापर्यंत पोहोचू देणे धोक्याचे आहे, कारण मऊ झालेले बूड ६२,००० पाउंडांचा दाब सहन करू शकत नाही. स्टेनलेस स्टीलच्या काड्या घालून पाण्यात धुतलेल्या पुंगळ्यांच्या माना आतून इतक्या कोऱ्या होतात की गोळी बसवताना ती ओढत, अडखळत जाते. मानेच्या आत चिमूटभर ग्रॅफाइट लावले की हे थांबते. गोळी बसवताना हाताला लागणारा जोर एका पुंगळीला हलका आणि दुसरीला जड लागत असेल, तर ती पुंगळी बाजूला काढून सरावासाठी ठेवावी. ही साधी छाननी महागड्या उपकरणांइतकीच उपयोगी पडते असे माझे मत आहे.

वजनकाट्याबद्दल लोक उगाच अस्वस्थ होतात. ०.१ ग्रेनपर्यंत अचूक मोजणाऱ्या काट्याने होणाऱ्या चुकीमुळे वेगात साधारण ३ फुटांचे विचलन येते. एकूण विचलन १० असताना ही चूक पूर्णपणे नाहीशी केली, तरी ते साडेनऊवर येते, कारण येथेही वर्गांचीच बेरीज चालते. विचलन ५-६ वर आल्यानंतर ०.०२ ग्रेनचा काटा घेण्यात अर्थ आहे; त्याआधी तोच पैसा चांगल्या पुंगळ्यांवर खर्च करावा. लापुआच्या ६.५ क्रीडमूर पुंगळ्यांना लहान रायफल प्रायमर लागतो आणि त्यांचे ठिणगीचे छिद्रही लहान, १.५ मिलिमीटरचे असते. जुना प्रायमर काढणारी नेहमीची डीकॅपिंग पिन त्यात अडकून वाकते, म्हणून बारीक पिन आधीच मागवून ठेवावी. प्रायमरचा प्रकार बदलला तर भार खाली आणून पुन्हा सुरुवात करणे आवश्यक आहे.

गोळी किती खोल बसवावी, या विषयावर भाराइतकाच वाद होतो. काडतुसाची एकूण लांबी टोकापासून मोजू नये, कारण टोके एकसारखी नसतात. बुडापासून ओजाइव्हपर्यंतचे (गोळीच्या निमुळत्या वक्र भागापर्यंतचे) माप घ्यावे. सुरुवात रायफलिंगपासून (नळीतील पिळदार खाचांपासून) ०.०२० ते ०.०३० इंच मागे ठेवून करावी. गोळी रायफलिंगला टेकवून बसवल्यास दाब वाढतो, शिवाय न झाडलेले काडतूस बाहेर काढताना गोळी नळीतच राहून पावडर सगळ्या यंत्रणेत सांडण्याची भीती असते. खोली बदलून पाहायचीच असेल तर ०.००३ इंचांच्या सूक्ष्म पायऱ्यांऐवजी ०.०४० इंचांच्या मोठ्या पायऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक पायरीला दहा गोळ्या द्याव्यात. ओजाइव्हचा वक्र सीकंट आकाराचा असलेल्या गोळ्या या अंतराबाबत चोखंदळ असतात, हायब्रिड आणि टँजंट आकाराच्या कमी. नव्याने सुरुवात करणाऱ्याने म्हणूनच दुसऱ्या प्रकारातली गोळी निवडावी, असे मी सांगतो.

चाचणीची वेळही महत्त्वाची आहे. नव्या बॅरलचा वेग पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत हळूहळू वाढून मग स्थिरावतो, त्यामुळे त्याआधी केलेली मेहनत बहुतेक वाया जाते. ते झाल्यावर ठरवलेल्या एकाच भाराची वीस काडतुसे भरावीत, दहा-दहाचे दोन ग्रुप झाडावेत, मध्ये बॅरल थंड होऊ द्यावी आणि दोन्ही लक्ष्यपत्रे नेमबिंदूवर नेमबिंदू ठेवून एकत्र पाहावीत. वेग मोजण्यासाठी रडारवर चालणारा क्रोनोग्राफ चांगला. बॅरलला बांधायचा प्रकार गोळीची जागा बदलतो, म्हणून त्याच्यासह झाडलेले ग्रुप मोजू नयेत. २०२३ च्या अखेरीस आलेल्या गार्मिनच्या छोट्या रडारने हे काम बरेच सोपे केले आहे. वीस गोळ्यांचे विचलन १० च्या आत आणि दहा गोळ्यांचे ग्रुप एका मिनिटाच्या आत असतील, तर लोड (काडतुसाची जुळणी) तयार झाला. तसे नसेल तर भार ०.२ ग्रेनने हलवून वाट पाहू नये. आधी गोळी बदलावी, तरीही फरक पडला नाही तर पावडर बदलावी. मोठे बदल याच दोन गोष्टींनी होतात.

येथे महाराष्ट्रातील वाचकांना ओळखीची वाटेल अशी एक बाब सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या खेळातील .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारे) काडतूस पुन्हा भरता येत नाही. म्हणून त्या पातळीवरचे नेमबाज कारखान्यांच्या चाचणी केंद्रांत आपली रायफल पकडीत बसवून एकेका लॉटच्या अनेक गोळ्या झाडून पाहतात आणि जो लॉट मोठ्या ग्रुपमध्येही टिकतो तो एकदम विकत घेतात. त्यांना ‘ट्यून’ करायला काहीच हाती नसते; म्हणून निवड आणि मोठी चाचणी यांवरच त्यांचा भर असतो. सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर प्रायमर असलेली) काडतुसे भरणाऱ्यांनी ही शिस्त घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

सुरक्षिततेच्या दोन-तीन गोष्टींवर मी तडजोड करत नाही. भरण्याच्या बाकावर एका वेळी पावडरचा एकच डबा असावा, कारण जलद जळणारी दुसरी पावडर चुकून या पुंगळीत गेली तर रायफल फुटू शकते. पावडर मूळ डब्यातच ठेवावी, उरलेली दुसऱ्या डब्यात ओतू नये आणि लेबल नसलेली पावडर वापरू नये. काम करताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि समोर दूरदर्शन किंवा फोन नको.

शेवटी देखभालीचा मुद्दा. ६.५ क्रीडमूरची बॅरल साधारण दोन ते तीन हजार गोळ्या चांगली टिकते, आणि या काळात रायफलिंगची सुरुवात झिजून पुढे सरकते. त्यामागे गोळी हलवत नेण्याची घाई करू नये. दर काही शे गोळ्यांनी वीस गोळ्यांची तीच चाचणी घ्यावी आणि विचलन किंवा ग्रुप स्पष्टपणे बिघडला तरच खोली बदलावी. पावडरचा नवा लॉट उघडला की भार एक ग्रेन खाली आणून वेग पुन्हा मोजावा आणि जुन्या लॉटचा वेग मिळेपर्यंतच, पुस्तकातील कमाल भार न ओलांडता, वर जावे. वहीत प्रत्येक फेरीसमोर पावडर, प्रायमर आणि गोळी यांचे लॉट क्रमांक, तापमान आणि बॅरलमधून आतापर्यंत झाडलेल्या गोळ्यांची संख्या लिहावी, म्हणजे पुढे वेग सरकला तर तो कशामुळे सरकला हे शोधता येईल.